‘ख’ मात्रेच्या आधी सुरू होतो

गाणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जपानी बँकेला, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजाच्या तुकड्यांच्या संचाला, ‘मन’ गायला लावलं की ती ‘मान’ गाते. ‘घर’चं ‘गारा’ होतं, ‘बळ’ आणि ‘बाळ’ यांत फरक उरत नाही. सॉफ्टवेअरचा यात काही दोष नाही. जपानीत स्वर पाच: आ, इ, उ, ए, ओ. आपला ऱ्हस्व ‘अ’ तिथे नाहीच. ख-घ-ठ-ढ-भ नाहीत, ट-ड-ण-ळ नाहीत, आणि ‘न्’सारखा एक अनुनासिक सोडला तर अक्षर व्यंजनावर संपतही नाही. जे रेकॉर्डच झालेलं नाही ते सॉफ्टवेअर आणणार कुठून? जुळवाजुळव करून थोडं भागतं. ‘चाक’मधला दंत्य ‘च’ जपानीच्या ‘त्सा’ने चांगला निघतो, ‘र’ही बरा लागतो. पण दोन ओळींपलीकडे मराठी गाणं करायचं असेल तर मराठी आवाज स्वतः रेकॉर्ड करण्याला पर्याय नाही. तो कसा करायचा, त्यावर गाणं कसं बांधायचं आणि त्या गाण्याचा ऱ्हिदम गेमसाठी (तालावर कळा दाबायच्या खेळासाठी) चार्ट, म्हणजे कुठली कळ कधी दाबायची याची यादी, कसा लिहायचा, तो सगळा रस्ता इथे मांडतो आहोत. (‘स्वर’ हा शब्द पुढे फक्त अ-आ-इ साठी वापरलाय. सा-रे-ग साठी ‘सूर’ म्हटलंय. नाहीतर या कामात पावलापावलावर गोंधळ होतो.)

पार्श्वभूमी थोडक्यात. यामाहाने बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाबरोबरच्या संशोधनातून व्होकॅलॉइड हे गाणारं सॉफ्टवेअर उभं केलं आणि २००४ मध्ये त्याचे पहिले आवाज विक्रीला आले. ३१ ऑगस्ट २००७ ला साप्पोरोच्या क्रिप्टन फ्यूचर मीडियाने हात्सुने मिकू ही आभासी गायिका आणली, तिचा मूळ आवाज साकी फुजिता या अभिनेत्रीचा. २००८ मध्ये यूटाऊ हे सॉफ्टवेअर आलं, ज्यात कुणीही आपला आवाज घालू शकतो. कासाने तेतो ही दुसरी आभासी गायिका त्याच वर्षी १ एप्रिलला थट्टा म्हणून जन्मली, यूटाऊवर वाढली आणि २०२३ मध्ये सिंथेसायझर व्ही या व्यावसायिक सॉफ्टवेअरपर्यंत पोचली. व्होकॅलॉइडच्या भाषा जपानी, इंग्रजी, कोरियन, स्पॅनिश आणि चिनी. मराठी त्यात नाही, म्हणून यूटाऊची वाट. मात्र रोजचं काम जुन्या यूटाऊत न करता ओपनयूटाऊत करावं. ते मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं आणि यूटाऊच्या बँका वाचतं.

यादी आधी, माइक नंतर

सगळ्यात सोपी बँक म्हणजे एकेक सुटं अक्षर: का, कि, कु. अशा बँकेत दोन अक्षरांमधला सांधा नसतो, त्यामुळे गाणं तुटक ऐकू येतं. दुसरी रीत स्वर-व्यंजन-स्वर असे सलग तुकडे घेण्याची. सांधे सुरेख येतात, पण मराठीची ३४ व्यंजनं आणि ६ स्वर धरले तर तुकडे १,२२४ होतात. तिसरीला सीव्हीव्हीसी म्हणतात. ‘खा’ वेगळा, ‘आ ख’ हा सांधा वेगळा, आणि गाताना दोन्ही जोडायचे. मराठीला हीच परवडते, कारण आपले शब्द सर्रास व्यंजनावर संपतात आणि जोडाक्षरांना तोटा नाही.

३४ व्यंजनं अशी: क-ख-ग-घ, तालव्य च-छ-ज-झ, दंत्य च-ज-झ, ट-ठ-ड-ढ-ण, त-थ-द-ध-न, प-फ-ब-भ-म, य-र-ल-व, आणि श-स-ह-ळ. ‘ष’ बोलण्यात ‘श’ मध्ये मिसळून गेलाय, त्याला वेगळी ओळ नको. स्वर सहाच पुरतात: अ, आ, इ, उ, ए, ओ. इ-ई आणि उ-ऊ यांतला फरक गाण्यात नोटची लांबी ठरवते. ऐ म्हणजे अ+इ, औ म्हणजे अ+उ.

आता एका व्यंजनाला एक ओळ, सात ठोक्यांची: ‘क का कि कु के को क्’. या ओळीत सहाही स्वरांची अक्षरं आहेतच. शिवाय प्रत्येक स्वरानंतर पुन्हा ‘क’ येतो, म्हणून ‘अ क’, ‘आ क’, ‘इ क’ पासून ‘ओ क’ पर्यंतचे सहाही सांधे त्याच ओळीत सापडतात. म्हणजे ३४ ओळींत २०४ अक्षरं आणि २०४ सांधे. स्वरास्वरांच्या जोड्यांसाठी (आई, आऊ, एउ) आणखी ६ ओळी, आणि म्ह-न्ह-ल्ह-व्ह यांच्या ४. ही चार जोडाक्षरं सुट्या तुकड्यांतून जोडली तर ‘म-हा’ असं फुटकं ऐकू येतं, म्हणून त्यांना व्यंजनाचाच दर्जा द्यायचा. बाकी जोडाक्षरं ‘प्’ आणि ‘रे’ जोडून निघतात.

या यादीत काही खाचखळगे आहेत. ‘ण’ आणि ‘ळ’ने मराठी शब्द सुरू होत नाहीत, त्यामुळे ओळीच्या सुरुवातीला बोलणारा नकळत ‘न’ आणि ‘ल’ म्हणतो. या दोन ओळींना आधी ‘अ’ लावा: ‘अ ळ ळा ळि ळु ळे ळो ळ्’. ‘ड’चं उलट आहे. शब्दाच्या सुरुवातीचा ‘डोळा’तला ‘ड’ घट्ट असतो, ‘गाडी’तला जिभेचं टोक फटकारून निघतो. सलग ओळीत दुसराच रेकॉर्ड होतो. म्हणून ‘ड’ आणि ‘ढ’ची एकेक ज्यादा ओळ, प्रत्येक अक्षरानंतर एक ठोका थांबून. एकूण ४६ ओळी झाल्या.

दंत्य च-ज-झ च्या ओळींत ‘इ’ आणि ‘ए’ गाळले तरी चालतं. आपली जीभच तिथे तालव्याकडे वळते: माझा पण माझी, त्याचा पण त्याची. ‘वेचतो’मधला ‘ए च’ हा सांधा तालव्य ओळीतून उसना घ्यावा, त्या क्षणी तोंड बंदच असतं, कान फरक करत नाही. हिंदीसाठी केलेली यादी कुठे मिळाली तर ती तशीच उचलू नका. तिच्यात दंत्य ‘च’ नसतो, ‘ळ’ नसतो, आणि ‘ज्ञ’ हा ‘ग्य’ असतो. ज्ञानेश्वरांचा ग्यानेश्वर झालेला मराठी माणसाला सहन होत नाही.

रेकॉर्डिंग

४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. माइक १५ ते २० सेंटिमीटरवर, पॉप फिल्टर लावून आणि तोंडाच्या रेषेपासून जरा बाजूला. मराठीत फ, भ, ख, ठ यांची हवा इतकी असते की समोरून बोललं तर प्रत्येक ‘भ’ला माइकवर धप्प बसते. ओरेमो हे छोटं जपानी सॉफ्टवेअर यासाठी सोयीचं. यादी दिली की ते एकेक ओळ समोर आणतं, कानात ठोका आणि सूर देतं, आणि प्रत्येक ओळीची वेगळी फाइल करतं. लय १०० ठेवा, म्हणजे ठोका दर ६०० मिलिसेकंदांनी. यापेक्षा जलद गेलं तर स्वराचा स्थिर भाग उरत नाही, हळू गेलं तर बोलणारा शेवटी सूर सोडतो. हेडफोन कान पूर्ण झाकणारे हवेत. उघड्या हेडफोनमधून ठोका माइकमध्ये शिरतो आणि मग तो टिकटिक आवाज प्रत्येक गाण्यात आयुष्यभर ऐकावा लागतो.

सूर एकच धरायचा. पुरुषाला पांढरी एक ते पांढरी तीन, म्हणजे १३० ते १६५ हर्ट्झच्या आसपास. बाईच्या आवाजाला २२० ते ३००. एका सुरावर केलेली बँक वरखाली पाच-सहा अर्धसुरांपर्यंत नैसर्गिक वाटते, त्यापुढे वर गेलं की कार्टून आणि खाली गेलं की झोपाळू. मोठ्या पट्ट्याचं गाणं करायचं असेल तर पूर्ण यादी दुसऱ्या सुरावर पुन्हा म्हणा आणि कुठल्या सुराला कुठला संच लागेल ते बँकेच्या प्रिफिक्स मॅप नावाच्या फाइलमध्ये लिहा.

गाणं शिकलेल्या माणसाकडून रेकॉर्ड करून घेताना एक अडचण हमखास येते: तो गातो. ‘को’वर छोटीशी मुरकी, शेवटच्या ‘क्’ला सुराची उतरण, ‘खे’ला नाजूक कंप. हे सगळं बँकेत विष आहे. स्वर लांबवताना सॉफ्टवेअर त्याच तुकड्याची पुनरावृत्ती किंवा ताण करतं, आणि मुरकी प्रत्येक ‘को’ला हजेरी लावते. शाळेत पाढे म्हणतात तसं सपाट म्हणायचं. आणखी एक: शेवटचा ‘क्’ हा ‘क’ होऊ देऊ नका. आपल्याला अक्षर ‘पूर्ण’ म्हणायची इतकी सवय असते की दर तिसऱ्या ओळीला हे होतं.

सगळ्यात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहू द्या. फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद, आणि पावसाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत हे काम काढूच नये. खोली घुमत असेल तर मागे गोधड्या टांगा. नंतर नॉइज रिडक्शनने सगळं साफ करू असं म्हणणं सोपं, पण तो फिल्टर ‘ख’ आणि ‘घ’मधल्या श्वासालाच गोंगाट समजतो आणि महाप्राण खाऊन टाकतो. ‘खा’चा ‘का’ होतो.

४६ ओळी म्हणजे शुद्ध वेळ पाचेक मिनिटं. प्रत्यक्षात फेरघेणी धरून दोन बैठका लागतात. दोन्ही एकाच दिवशी घेतल्या तर आवाज तोच राहतो. सर्दीतून उठलेल्या माणसाच्या निम्म्या ओळी आणि आठवड्याने उरलेल्या, असं केलं की गाण्यात मधेच दुसरा गायक आल्यासारखं वाटतं.

फाइलची नावं देताना सांभाळा. जुनं यूटाऊ जपानी शिफ्ट-जिस संकेतप्रणालीवर चालतं आणि तिच्यात देवनागरीला जागाच नाही. ‘ख’ नावाची फाइल प्रश्नचिन्ह होते. म्हणून नावं रोमन लिपीत. मग ‘त’ला छोटी टी आणि ‘ट’ला मोठी टी द्यायचा मोह होतो. तो टाळा. विंडोज फाइलच्या नावात छोटं-मोठं अक्षर एकच मानतं, त्यामुळे ‘त’ची ओळ ‘ट’च्या ओळीवर जाऊन बसते आणि पहिली फाइल गेली ती गेलीच. मूर्धन्यांना डबल टी, डबल डी, डबल एन, ‘ळ’ला डबल एल आणि दंत्य ‘च’ला टीएस, असा संकेत ठरवून एका कागदावर लिहून भिंतीवर लावा. हा कागद पुढे शंभर वेळा बघाल.

पाच आकडे

खरं काम इथून. प्रत्येक तुकड्यासाठी ओटो नावाच्या फाइलमध्ये एक नोंद असते: कुठल्या फाइलमधला, काय नावाचा, आणि पाच आकडे, सगळे मिलिसेकंदांत. नुसत्या ३४ ओळींचे ४०८ तुकडे धरले तरी २,०४० आकडे. हे करायला सेटपॅरम किंवा व्हीलेबलर वापरतात, त्यांत ध्वनीच्या चित्रावर रेघा सरकवायच्या असतात. ठोक्याला धरून म्हटलेली ओळ असेल तर अंदाजी आकडे आपोआप भरून घेता येतात, पण हात फिरवावा लागतोच.

‘ख’च्या ओळीतला ‘खा’ घेऊ. समजा चित्रात ‘ख’चा स्फोट १,९९५ वर दिसतो, मग ९५ मिलिसेकंद नुसती हवा, आणि २,०९० वर ‘आ’ सुरू होतो. नोंद अशी होईल: ऑफसेट १९७०, फिक्स्ड १८०, कटऑफ उणे ४८०, प्रीअटरन्स १२०, ओव्हरलॅप १५.

ऑफसेट म्हणजे तुकडा कुठून कापायचा. स्फोटाच्या अगदी अलीकडे, शांततेत. फिक्स्ड म्हणजे ऑफसेटपासूनचा ताणायचा नाही असा भाग: स्फोट, हवा आणि स्वर स्थिर होईपर्यंतचं वळण. हा कमी ठेवला तर लांब नोटवर ‘खा’ची हवा च्युइंगमसारखी लांबते. कटऑफ म्हणजे शेवट. उणे आकडा ऑफसेटपासून पुढे मोजतात, अधिक आकडा फाइलच्या शेवटाकडून मागे. इथे २,४५० वर तुकडा संपतो, पुढच्या ‘खि’साठी तोंड मिटायच्या आधी. तो जरा पुढे गेला तर प्रत्येक लांब ‘खा’च्या शेवटी एक अर्धवट गिळलेला आवाज येतो.

प्रीअटरन्स हा त्यातला राजा. तो सांगतो की तुकड्याच्या सुरुवातीपासून किती मिलिसेकंदांवर ‘मात्रा’ आहे. तुकडा नोटच्या तेवढा आधी वाजायला लागतो आणि नेमका स्वर नोटवर येऊन पडतो. माणूसही असंच गातो. समेवर ‘खेळ’ म्हणायचं तर ‘ख’ची हवा समेच्या आधी सुटते आणि ‘ए’ समेवर येतो. नवशिक्या बँकेत प्रीअटरन्स शून्य असतो, म्हणून ती कायम मागे रेंगाळते. १२५ च्या लयीत मात्रा ४८० मिलिसेकंदांची, म्हणजे १२० मिलिसेकंदांनी ‘खा’ चुकला तर बरोब्बर पाव मात्रा मागे. आणि चूक सगळीकडे सारखी नसते. ‘का’ला ५०-६०, ‘ना’ला ७०-८०, ‘खा’ला १२०, ‘सा’ला त्याहून जास्त. त्यामुळे पूर्ण ट्रॅक पुढे सरकवून हे झाकता येत नाही. ओळ अडखळत चालल्यासारखी वाटते आणि दोष सुरांत शोधला जातो.

‘स’ आणि ‘श’ यांची सळसळ लांब असते, तिथे कान थोडी सूट घेतो. मात्रा नेमकी स्वराच्या सुरुवातीला न वाटता किंचित अलीकडे वाटते. म्हणून या दोघांचा प्रीअटरन्स चित्रावरून मोजलेल्यापेक्षा १०-२० मिलिसेकंदांनी कमी ठेवून ऐका. हे फक्त कानाने ठरतं.

ओव्हरलॅप म्हणजे आधीच्या तुकड्याशी किती वेळ मिसळायचं. म-न-ल-र-ळ यांना ३०-४० हवा. क-ट-त-प आणि त्यांच्या भावंडांना जेमतेम, कारण त्यांच्याआधी क्षणभर शांतता असते. ती ओव्हरलॅपने भरली की ‘पाट’ ऐवजी ‘पाआट’सारखं चिकट काहीतरी होतं.

सांध्यांची नोंद उलट्या बुद्धीने करायची. ‘आ ख’साठी ऑफसेट ‘आ’च्या स्थिर भागात, समजा २,३०० वर. प्रीअटरन्स ‘आ’ जिथे तुटतो तिथे, २१०. फिक्स्ड २२५. कटऑफ उणे २७०, म्हणजे २,५७० वर, पुढच्या स्फोटाच्या आधी. मग ताणला जाणारा भाग २,५२५ ते २,५७० हा असतो आणि तो आहे निव्वळ शांतता. लय संथ झाली तर शांतताच लांबते. माणसाच्या तोंडातही तेच होतं.

सगळ्या नोंदी झाल्या की प्रत्येक फाइलची वारंवारतेची नोंद, एफआरक्यू फाइल, तयार होते. घ, भ, ध, ह यांच्या हवेत सूर शोधताना यंत्र फसतं आणि निम्मी किंवा दुप्पट वारंवारता नोंदवतं. लक्षण सोपं: तेवढंच एक अक्षर घोगरं गुरगुरतं किंवा चिरकतं. ती फाइल पुसून दुसऱ्या रिसॅम्पलरने (तुकडे सुरात ताणणाऱ्या इंजिनाने) पुन्हा काढा, किंवा यूटाऊच्या संपादकात वाकडी रेघ हाताने सरळ करा. बँक पुन्हा रेकॉर्ड करायची गरज नसते.

तपासायला एखादं निरर्थक वाक्य बरं. आमचं होतं: ‘ढगात घड्याळ ठेवलं, ठाण्याला माळ मळली’. हे एका सुरावर अडखळल्याशिवाय निघालं की बाकीचं निघतं.

गाणं बांधताना

ओपनयूटाऊत डिफॉल्ट फोनेमायझर (लिहिलेल्या अक्षराला तुकडे नेमून देणारा भाग) निवडला की नोटवर लिहिलेलं अक्षर थेट बँकेत शोधलं जातं. मराठीसाठी तेच ठीक. स्वयंचलित काही लिहायला गेलं की अंत्य ‘अ’ची भानगड होते. बोलताना ‘घर’ म्हणजे ‘घर्’, ‘करतो’ म्हणजे ‘कर्तो’. पण गाण्यात, विशेषतः अभंग-ओवीच्या चालीत, तोच ‘र’ पूर्ण, स्वतःच्या मात्रेवर गायला जातो. कुठे गाळायचा आणि कुठे गायचा हे चाल ठरवते, नियम नाही. अनुस्वारही ऐकून लिहायचा: ‘संत’ला ‘न्’, ‘अंग’ला ङ् सारखा आवाज, आणि ‘संवाद’मध्ये तर ‘सौं’.

जलद ओळीत ‘ख’, ‘ठ’ मावत नाहीत. आधीची नोट १२० मिलिसेकंदांचीच असेल तर १२० चा प्रीअटरन्स तिला अख्खी गिळतो, म्हणून सॉफ्टवेअर तो आपोआप कापतं आणि महाप्राण बोथट होतो. व्यंजनाचा वेग वाढवा. १०० म्हणजे जसा आहे तसा, २०० म्हणजे निम्म्या वेळात. १५० ला ‘खा’चे १२० सुमारे ८५ होतात आणि हवा शाबूत राहते.

मींड हवी असेल तर दोन सुरांमधली रेघ लांबवा, साधारण १५० ते २०० मिलिसेकंद. कंप प्रत्येक नोटला देऊ नका. मिक्सिंगचं फार सांगत नाही: ८०-१०० हर्ट्झखालचं कापा, ‘स’ आणि दंत्य ‘च’ टोचतात म्हणून डीएसर (सळसळ दाबणारा फिल्टर) लावा. एक गोष्ट मात्र पाळा. निर्यात करताना आवाज आणि वाद्यं दोन्ही पहिल्या मात्रेपासून काढा, रिकामी जागा कापू नका. पुढे चार्टमध्ये ती लागते.

मिकूचं चित्र किंवा नाव व्हिडिओत वापरायचं असेल तर क्रिप्टनचा पियाप्रो परवाना बघा. पैसे न कमावणाऱ्या वापराला मोकळीक आहे, विक्रीला नाही. स्वतःच्या बँकेबरोबरही वापराच्या अटींची एक पानाची फाइल द्या, आणि आवाज ज्याचा आहे त्याची परवानगी लेखी घ्या.

चार्ट

मिकूवर ऱ्हिदम गेम फार लवकर आले. सेगाचा प्रोजेक्ट दिवा २ जुलै २००९ ला पीएसपीवर, प्रोजेक्ट सेकाई ३० सप्टेंबर २०२० ला मोबाइलवर. दोन्ही बंदिस्त. आपल्याला खुला खेळ हवा, तो ओसू. २००७ पासून चालू आहे, फुकट आहे, आणि त्याची चार्टची फाइल साधा मजकूर असते, नोटपॅडमध्ये उघडते. त्यातल्या मेनिया प्रकारात वरून पट्ट्या येतात आणि रेघेवर पोचल्या की कळ दाबायची. चार कळांचा प्रकार घ्या.

लय शोधायला इतरांना तासन्‌तास लागतात. आपलं गाणं आपण बांधलेलं, लय माहीतच आहे. पहिल्या गाण्याला १२५ ठेवण्याचा फायदा आता कळेल. ओपनयूटाऊत एका मात्रेचे ४८० टिक, आणि १२५ च्या लयीत मात्रा ४८० मिलिसेकंदांची. म्हणजे एक टिक बरोबर एक मिलिसेकंद. प्रकल्पातल्या नोटची जागा वाचायची आणि चार्टमध्ये तीच लिहायची. इतर लयींना ६०,००० भागिले (लय गुणिले ४८०) हा गुणक लावा.

टायमिंगच्या भागात पहिल्या मात्रेची वेळ आणि मात्रेची लांबी, ४८०. मग प्रत्येक पट्टीला एक ओळ: आडवी जागा, उभी जागा, वेळ, प्रकार. चार रांगांच्या आडव्या जागा ६४, १९२, ३२० आणि ४४८. साध्या पट्टीचा प्रकार १, धरून ठेवायच्या पट्टीचा १२८ आणि पुढे ती सोडायची वेळ. फाइलमध्ये अंक अर्थातच इंग्रजी. गाणं आणि ही फाइल झिप करून त्याचं शेपूट ओएसझेड केलं की खेळ ते उचलतो.

इथली नेहमीची चूक म्हणजे पट्ट्या ध्वनीच्या चित्रावरून लावणं. चित्रात ‘खा’चा स्फोट उठून दिसतो, पट्टी तिथे ठेवली जाते. पण खेळणारा कानाने मारतो, स्वरावर. ओडी, म्हणजे खेळ किती काटेकोर ते ठरवणारा आकडा, ८ असताना मेनियात ३०० गुणांची खिडकी अलीकडे-पलीकडे ४० मिलिसेकंद, आणि ५० गुणांची १२७. शंभरेक मिलिसेकंदांचा फरक पडला तर १०० किंवा ५० गुणच मिळतात, आणि खेळणाऱ्याला आपलंच चुकतंय असं वाटतं. पट्टी नोटवर ठेवा. प्रीअटरन्सने स्वर तिथे आणून ठेवलाच आहे.

एमपीथ्री केलं की सगळं थोडं मागे सरकतं. लेम एन्कोडर ५७६ नमुने आणि उघडणारा डीकोडर ५२९ नमुने सुरुवातीला घालतो, मिळून १,१०५, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला २५ मिलिसेकंद. काही प्लेयर ते कापतात, काही नाही. ऑग फाइल वापरली की ही कटकट मिटते. तपासणी ब्लूटूथ हेडफोनवर कधीच करू नका, त्यात शंभराहून जास्त मिलिसेकंद सहज जातात. वायरचे हेडफोन, बस.

मराठी गाण्याचा चार्ट जपानी गाण्यासारखा होत नाही. जपानी गीतात बहुधा एका नोटला एक अक्षर, आणि प्रत्येक अक्षराला नवा आघात. प्रोजेक्ट सेकाईत बोटांना जी मजा येते ती त्यातून. आपल्याकडे एका ‘आ’वर सहा सूर येतात आणि त्यात आघात एकच. प्रकल्पात सहा नोटा दिसतात म्हणून सहा पट्ट्या लावल्या तर खेळणारा हवेत हात मारतो. तिथे एकच लांब पट्टी धरा आणि हाताला काम हवं असेल तर शेजारच्या रांगेत ढोलकीचे किंवा तबल्याचे ठळक बोल द्या. सगळे बोल नकोत. १२५ च्या लयीत पाव मात्रेच्या पट्ट्या सलग आल्या की त्या १२० मिलिसेकंदांवर येतात, तो अवघड स्तर. सोप्या स्तराला फक्त पूर्ण मात्रा, तीही सम आणि टाळीवर जास्त. सूर चढला की पट्ट्या उजवीकडे, उतरला की डावीकडे, एवढं पाळलं तरी चार्ट गाण्याचा वाटतो.

मग स्वतः खेळून चुकांचा पट्टा बघा, कळ किती लवकर किंवा उशिरा पडली ते त्यात दिसतं. सगळ्या पट्ट्या सारख्याच उशिरा लागत असतील तर दोष चार्टमधल्या पहिल्या मात्रेच्या वेळेचा किंवा हेडफोनचा. पण बाकी सगळं मधोमध आणि फक्त ‘ठे’, ‘ठा’, ‘ठो’ दरवेळी ३० ने उशिरा पडत असतील, तर चार्टला हात लावू नका. ‘ठ’च्या ओळीतले प्रीअटरन्स ३० ने कमी मोजले गेलेत. ओटो उघडा, त्या सहा नोंदी वाढवा, गाणं पुन्हा काढा आणि त्याच चार्टवर पुन्हा खेळा.